शरीराची चूल आणि घराचे वासे
मोहर्लीच्या मोहहंगामातून आहारशास्त्राचा एक पाठ

चैत्र महिन्याच्या पहाटे मोहर्लीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने मोहाच्या झाडांखाली माणसे वाकलेली दिसतात. मोहाची फुले रात्रभर गळत असतात. गुरे आणि रानातील जनावरे त्यांवर येण्यापूर्वी ती वेचून घ्यावी लागतात. म्हणून घरातील बाई काळोख असतानाच टोपली घेऊन बाहेर पडते. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून आणि १९९५ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झालेल्या ताडोबाच्या या परिसरात वाकून फुले वेचणे हे जोखमीचेही काम आहे. वाघाच्या हल्ल्याच्या घटना येथे घडलेल्या आहेत. मोह सरत आला की तेंदूपानांचा हंगाम सुरू होतो. पहाटे पाने तोडावयाची आणि दुपारी त्यांचे पुडे बांधावयाचे, असा तो क्रम असतो.

आई जंगलात असताना घरी दोन-अडीच वर्षांचे मूल आजीजवळ किंवा मोठ्या बहिणीजवळ असते. ते रात्री आठच्या सुमारास जेवलेले असते. आई परतून चूल पेटेपर्यंत सकाळचे अकरा वाजतात, म्हणजे पंधरा तासांचा उपास घडतो. एवढे होऊनही काही मुले रडत नाहीत. ती भिंतीला टेकून एका जागी बसून राहतात. "लेकरू मोठं शहाणं आहे, त्रास देत नाही," असे त्यांचे कौतुकही होते. ते शहाणपण नेहमीच शहाणपण असते काय, हा या लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर शोधावयाचे तर अन्नातून शरीरास ऊर्जा कशी मिळते आणि ती अपुरी पडली म्हणजे शरीर काय करते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

अन्न हे इंधन कसे?

फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्यांचे सहकारी लाप्लास यांनी १७८३ च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. बर्फाने वेढलेल्या पात्रात त्यांनी गिनीपिग हा प्राणी ठेवला. त्याच्या शरीराच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो आणि त्याच्या श्वासातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे त्यांनी मोजले. श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलनच आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला. चुलीत लाकूड जळते तेव्हा प्राणवायू खर्च होतो आणि उष्णता निर्माण होते. शरीरातही तेच घडते. मात्र तेथे ज्वाळा नसते, सदतीस अंश सेल्सिअस तापमानात हे ज्वलन पायरीपायरीने होते, आणि निघालेल्या ऊर्जेचा काही भाग कामासाठी राखून ठेवता येतो.

ही ऊर्जा किलोकॅलरीत मोजतात. व्यवहारात तिलाच आपण उष्मांक म्हणतो. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, एक ग्रॅम प्रथिनापासूनही ४ मिळतात आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून ९ मिळतात. म्हणजे १०० ग्रॅम तांदळात सुमारे ३५० उष्मांक असतात, तेवढ्याच डाळीतही जवळजवळ तितकेच असतात, तर १०० ग्रॅम तेलात ते ९०० असतात. एवढे तीन-चार आकडे पाठ असले तरी कोणत्याही घराच्या आहाराचा ढोबळ हिशेब मांडता येतो.

भाताचा घास पेशीपर्यंत

भाताचा घास चावताच लाळेतील पाचकरस पिष्टाचे तुकडे करू लागतो. घास बराच वेळ चावला तर तो गोड लागतो, त्याचे कारण हेच. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस मिसळून पिष्टाचे रूपांतर ग्लुकोज या साध्या शर्करेत होते. ही शर्करा रक्तावाटे प्रथम यकृताकडे जाते. निरोगी प्रौढ माणसाच्या सर्व रक्तात मिळून कोणत्याही वेळी जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमचाभर शर्करा असते. ती फार वाढूही नये आणि फार उतरूही नये, याची दक्षता शरीर सतत घेते. जेवणानंतर इन्शुलिन हे संप्रेरक जादा शर्करा यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजनच्या रूपाने साठवते. त्याहूनही उरली तर तिची चरबी होते. दोन जेवणांच्या मधल्या काळात याच्या उलट क्रिया घडते. यकृतातील साठा मोकळा होऊन रक्तास शर्करा मिळत राहते.

शर्करेचे खरे ज्वलन होते ते पेशींतील तंतुकणिका या सूक्ष्म अंगकांत. तेथे मोकळी झालेली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत बांधली जाते. शाळेच्या पुस्तकांत त्याला 'ऊर्जेचे चलन' म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे. धान्य देऊन बसचे तिकीट मिळत नाही, त्यासाठी नाणे लागते. त्याचप्रमाणे भात थेट स्नायूंच्या उपयोगी पडत नाही, त्याचे एटीपी व्हावे लागते.

या कामी काही जीवनसत्त्वेही लागतात. ब-१ जीवनसत्त्व नसेल तर शर्करेचे ज्वलन मध्येच अडते. हे जीवनसत्त्व तांदळाच्या कोंड्यालगतच्या थरात असते. फार पांढरा होईपर्यंत सडलेल्या तांदळातून, तसेच टाकून दिलेल्या पेजेतून ते वाया जाते. धान उकडून वाळवून मग भरडले, म्हणजे ते बऱ्याच अंशी दाण्यात टिकते. आपल्या धानपट्ट्यात पेज न फेकता पिण्याची जी रीत आहे, तिला शास्त्राचा असा आधार आहे.

खर्चाचे अंदाजपत्रक

माणूस काही काम न करता पडून राहिला तरी ऊर्जेचा खर्च थांबत नाही. हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदू अखंड काम करीत असतात. साधारण काम करणाऱ्या माणसाच्या दिवसाच्या एकूण खर्चापैकी निम्म्याहून अधिक भाग या अटळ खर्चाचा असतो. त्यांत मेंदूचा वाटा मोठा आहे. प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा असतो, पण विश्रांतीच्या काळातील ऊर्जेचा पाचवा हिस्सा तो घेतो. लहान मुलात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या अन्नाचा मोठा भाग अशा रीतीने त्याच्या वाढत्या मेंदूसाठी खर्च होत असतो.

अटळ खर्चानंतर श्रमाचा खर्च येतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली केलेल्या शिफारशींनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीस बैठ्या कामासाठी रोज १,६६० उष्मांक लागतात, मध्यम कामासाठी २,१३० आणि जड कामासाठी २,७२० लागतात. गरोदरपणी त्यांत ३५० आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत ६०० ची भर घालावी लागते.

आता जंगलात दिवसभर श्रम करणारी एक स्त्री डोळ्यांपुढे आणू. समजा, तिच्या वाट्यास दिवसाकाठी अर्धा किलो तांदूळ, ५० ग्रॅम डाळ, १५ ग्रॅम तेल आणि थोडी भाजी येते. तांदळाचे १,७५०, डाळीचे १७०, तेलाचे १३५ आणि भाजीचे सुमारे ५० मिळून २,१०० उष्मांक होतात. पोट भरलेले वाटते, पण हिशेबात ६०० ची तूट राहते. मूल अंगावर पिणारे असेल तर ही तूट दुप्पट होते. सहाशेची तूट महिनाभर चालली तर शरीरातील सुमारे दोन किलो चरबीएवढी ऊर्जा खर्ची पडते. हंगाम संपेपर्यंत बायका वाळून जातात असे आपण म्हणतो, त्याचे गणित हे असे आहे.

सरपण संपते तेव्हा

उत्पन्न कमी पडले म्हणजे घर प्रथम शिल्लक काढते, मग खर्चास कात्री लावते आणि शेवटी घरातील वस्तू विकते. शरीराचा क्रमही असाच आहे. पहिली शिल्लक यकृतातील ग्लायकोजनची. प्रौढ माणसात ती सुमारे शंभर ग्रॅम असते आणि उपाशी राहिल्यास साधारण एका दिवसात संपते. त्यानंतर चरबी वापरली जाते. परंतु मेंदूस लागणारी शर्करा चरबीपासून पुरेशी तयार होत नाही. म्हणून शरीर स्नायूंतील प्रथिने मोडून त्यांपासून शर्करा बनवू लागते. पावसाच्या रात्री सरपण संपले आणि चूल विझू द्यावयाची नसली, तर माणूस घराचेच वासे काढून जाळील, तसा हा प्रकार आहे. चूल पेटती राहते, पण छप्पर खाली येते.

लहान मुलाच्या यकृतातील साठा थोडा आणि मेंदूची मागणी मोठी. त्यामुळे त्याची शिल्लक लवकर संपते. मग शरीर खर्च कमी करते. पहिली कात्री खेळण्यावर बसते, पुढे वाढीवर, आणि मग रोगप्रतिकारशक्तीवर. न रडता भिंतीला टेकून बसलेले मूल अनेकदा असे काटकसर करीत असते. त्याचे पाय धावत नाहीत, कारण मेंदूस पुरवठा चालू ठेवावयाचा आहे. तीव्र कुपोषित मुलाच्या बाबतीत तर ही काटकसरही पुरी पडत नाही. रक्तातील शर्करा एकाएकी उतरते, अंग गार पडते आणि पहाटेच्या वेळी जीव धोक्यात येतो. म्हणूनच अशा मुलास रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी खाऊ घालावे आणि उबेत ठेवावे, असा वैद्यकीय नियम आहे.

प्रथिनांचा प्रश्न आणि हैदराबादचा प्रयोग

मूल खुरटले की त्यास प्रथिने कमी पडली, असे सर्वसाधारण मत असते. १९६० च्या दशकात जगभर हेच मत प्रभावी होते आणि प्रथिनयुक्त पिठे व भुकट्या हाच त्यावरील उपाय मानला जात होता. या मतास ज्यांनी आव्हान दिले त्यांत आपल्या देशातील दोन शास्त्रज्ञांची नावे अग्रभागी आहेत. एक, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन. दुसरे, सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे काम पाहिलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. भारतीय आहाराच्या पाहण्यांचे आकडे तपासून सुखात्मे यांनी दाखविले की, जेथे प्रथिने कमी पडतात तेथे बहुधा एकूण अन्नच कमी पडलेले असते.

गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतील शालापूर्व वयाच्या मुलांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९७३ साली प्रसिद्ध झाले. या मुलांना त्यांच्या घरच्या जेवणाखेरीज गव्हाचे पीठ, साखर आणि तेल यांपासून केलेला खाऊ सुमारे चौदा महिने देण्यात आला. त्यातून रोज सुमारे ३१० उष्मांक मिळत होते, पण प्रथिने अवघी ३ ग्रॅम. तरीही ज्या मुलांना हा खाऊ मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा या मुलांची उंची आणि वजन अधिक वाढले. याचा अर्थ असा की, घरच्या जेवणात प्रथिने होती, पण इंधनाअभावी ती चुलीत जळत होती. इंधन मिळताच ती बांधकामासाठी मोकळी झाली.

हिशेबानेही हेच दिसते. एक ते तीन वर्षांच्या मुलास रोज सुमारे १,०१० उष्मांक आणि ११-१२ ग्रॅम प्रथिने लागतात. एवढे उष्मांक केवळ भातातून घ्यावयाचे म्हटले तर २९० ग्रॅम तांदूळ लागेल आणि त्यात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतील. तांदळातील प्रथिनांत जे घटक उणे असतात ते डाळ भरून काढते. म्हणून पोटभर वरणभात हा गरिबाचा आहार असला तरी तो अपुरा आहार नव्हे. अपुरेपण आहे ते 'पोटभर' या शब्दात. अर्थात डाळ, अंडी, मासे, दूध आणि पालेभाज्या यांची गरज यामुळे कमी होत नाही. लोह आणि जीवनसत्त्वे त्यांतूनच मिळतात. एवढेच की, चुलीत सरपण नसताना त्यांचा पुरता उपयोग होत नाही.

लहान पोट, पातळ पेज

मूल पोटभर खात असूनही उपाशी का राहते, याचे कारण त्याच्या पोटाच्या आकारात आहे. दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात एका वेळी पाव किलोच्या आसपास अन्न मावते. मऊ शिजवलेल्या शंभर ग्रॅम भातात सुमारे १२० उष्मांक असतात, म्हणजे दिवसाचे हजार उष्मांक मिळण्यास आठशे ग्रॅमहून अधिक भात खावा लागेल. प्रौढांसारखे दोन वेळा जेवून हे शक्य नाही. पातळ पेजेत तर उष्मांक याहूनही पुष्कळ कमी असतात. पोट पाण्याने भरते आणि मूल शांत होते, परंतु शरीराचा हिशेब तुटीतच राहतो.

यावर उपाय दोन आहेत. पहिला, मुलास दिवसातून चार-पाच वेळा खाऊ घालणे आणि त्यांतील एक वेळ भल्या सकाळी, आई बाहेर पडण्यापूर्वी किंवा पडताच, ठेवणे. दुसरा, अन्न घट्ट करणे. भातावर चहाचा एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम तेल घातले तर आकारमान न वाढता ४५ उष्मांक वाढतात.

यासाठी दूरचे काही आणावयास नको. जवसात सुमारे दोन-पंचमांश तेल असते, आणि जवसाची चटणी आपल्याकडे घरोघर होते. मोहाच्या वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. तीळ किंवा शेंगदाणे घालून केलेला मोहाचा लाडू हा उत्तम ऊर्जादायी खाऊ आहे. ज्या फुलासाठी आई पहाटे घर सोडते, त्यातील मूठभर फूल विक्रीआधी घरच्या डब्यात राहिले तर मुलाच्या आणि तिच्या स्वतःच्याही कामी येईल. पन्नास ग्रॅम शेंगदाणे, तेवढाच गूळ आणि दोन चमचे तेल यांत सुमारे साडेपाचशे उष्मांक असतात, म्हणजे तिची वर सांगितलेली तूट जवळजवळ भरून निघते. मात्र एका गोष्टीची सावधगिरी हवी. लाखोळीची डाळ इतर डाळींबरोबर अधूनमधून खाणे वेगळे आणि महिनोन्महिने तिलाच मुख्य अन्न करणे वेगळे. तसे केल्यास तिच्यातील विषारी घटकामुळे पाय लुळे पडण्याचा धोका असतो.

शिधापत्रिकेचे गणित

आहाराचे आकडे आणि शासनाचे नियोजन यांचा संबंध महाराष्ट्रास नवा नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपल्या अभ्यासात माणशी रोज २,२५० उष्मांक हा निकष धरला होता. पुढे नियोजन आयोगाच्या १९७९ च्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि नागरी भागासाठी २,१०० उष्मांक धरले. एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, असा मुद्दा सुखात्मे यांनी मांडल्याने त्यावर मोठा वाद झाला. या वादातून निदान एक गोष्ट स्पष्ट झाली. सरासरीचा आकडा योजनेसाठी उपयोगी असतो, पण घरातील विशिष्ट मूल उपाशी आहे काय, हे तो सांगू शकत नाही.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा पाच किलो धान्य मिळते. म्हणजे रोज सुमारे १६७ ग्रॅम धान्य, किंवा ५८० उष्मांक. जड काम करणाऱ्या स्त्रीच्या गरजेचा हा साधारण पाचवा भाग झाला. हा आधार मोलाचा आहे, परंतु उरलेले चार भाग मजुरीतून, शेतीतून आणि जंगलातून यावयाचे आहेत. मजुरीचे पैसे चार आठवडे लांबले तर त्याचा परिणाम प्रथम कोणाच्या ताटावर होतो, हे पंचायत सदस्यांस सांगावयास नको.

शाळेत आणि ग्रामसभेत

शिक्षकांस हा पाठ वर्गात सहज दाखविता येईल. कुस्करलेला भात कोमट पाण्यात कालवून दोन वाट्यांत घ्यावा. एका वाटीत थोडी लाळ मिसळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. मग दोहोंत पातळ केलेल्या आयोडीनचा एकेक थेंब टाकावा. साध्या भाताचा रंग गडद निळा होईल आणि लाळ मिसळलेल्या भाताचा फिका राहील, कारण त्यातील पिष्ट मोडू लागलेले असते. दुसरा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा. टाचणीस टोचलेला शेंगदाणा पेटवून परीक्षानळीतील थोडे पाणी तापवावे. एवढ्याशा दाण्यात केवढी उष्णता असते, हे मुलांच्या कायमचे लक्षात राहील. वरच्या वर्गातील मुलांकडून आपापल्या घरच्या धान्याचा हिशेब मांडून घेतला तर गणित आणि विज्ञान एकाच तासात होईल.

ग्रामपंचायतींस करता येण्याजोगी कामे याहूनही साधी आहेत. मोह आणि तेंदूच्या हंगामात अंगणवाडी पहाटे लवकर उघडता येईल काय, किंवा वाडीतील एखाद्या घरी मुलांस सकाळचा पहिला घास देण्याची व्यवस्था होईल काय, याचा विचार फाल्गुनातील ग्रामसभेतच व्हावा. अनुसूचित क्षेत्रातील गरोदर आणि स्तनदा मातांसाठी २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत दिवसातून एक वेळचा चौरस आहार ठरविलेला आहे. बाई जंगलात असताना तो तिच्यापर्यंत कसा पोहोचेल, हेही त्याच वेळी ठरावे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंडघेर हंगामाच्या आरंभी आणि अखेरीस मोजावा. तो साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरल्यास, किंवा दोन्ही पायांवर सूज दिसल्यास, ते मूल तीव्र कुपोषित समजून विनाविलंब आरोग्य केंद्रात पाठवावे. मूल शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर वाटेतच थोडे साखरपाणी पाजावे. ५० मिलिलिटर पाण्यात चहाचा एक चमचा साखर पुरेशी आहे. मूल बेशुद्ध असल्यास मात्र तोंडात काहीही घालू नये.

पुढील चैत्रात मोहाची फुले पुन्हा गळू लागतील आणि बायका पहाटे जंगलाकडे निघतील. त्या वेळी गावातील शिक्षक, सेविका किंवा पंचायत सदस्य घरासमोरून जाताना भिंतीला टेकून बसलेले एखादे शांत मूल दिसले, तर त्याच्या शहाणपणाचे कौतुक करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हे सकाळपासून काही जेवले आहे काय?